अवाना : ४० मुलं, ६ स्वयंसेवक
४० मुलं आणि ६ स्वयंसेवकांवर बुधवारचं अवाना (चर्चमधला मुलांचा बायबल-पाठांतर, खेळ आणि धड्याचा कार्यक्रम) झेपेल का, असं एकाने विचारलंय. झेपेल, पण गाडी अडते ती मुलांकडून बायबलची वचनं ऐकताना. पाठांतर एकेका मुलाचं ऐकावं लागतं. अर्ध्या तासात एकाकडे ५ मुलं, म्हणजे प्रत्येकी ६ मिनिटं. त्याहून जास्त झाली की रांगेतलं मूल पुस्तिकेची सुरळी करून शेजारच्याला टोचतं आणि पाठ केलेलं वचन तिथेच विसरतं. म्हणून २०-२० च्या दोन तुकड्या करा. चौघं ऐकायला, दोघं खेळाला, अर्ध्या तासाने अदलाबदल, शेवटी धडा एकत्र. दोन बदली माणसं हवीतच. त्यासाठी पालकांकडे वर्षभराचा वेळ नको, सहा आठवडे मागा. आणि खोलीत एकटा मोठा माणूस कधीच नको, भले त्या दिवशी खेळ रद्द करावे लागोत.