ख्रिस्ती परंपरेत संगीताचा उगम देवाकडे मानतात की माणसाकडे?

तानपुरा (प्रश्न)

देवगिरीच्या यादव दरबारात तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने लिहिलेला ‘संगीतरत्नाकर’ सध्या सावकाश वाचतो आहे. संगीताच्या दैवी उगमाविषयी आपल्या परंपरेत फारशी शंका कोणी घेतलेली नाही, हे तो ग्रंथ वाचताना पानोपानी जाणवते. नाद हाच ब्रह्म आणि पितामह ब्रह्मदेवाने गीत सामवेदातून घेतले, असे तिथे आरंभीच येते. नारद, तुंबरू आणि सरस्वती तर आपल्या ओळखीचेच आहेत.

ख्रिस्ती परंपरेत याच्या जवळपास जाणारे काही आहे का, हे पाहावे म्हणून बायबल उघडले, तेव्हा उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात युबाल भेटला. तंतुवाद्ये आणि पावा वाजवणाऱ्या सर्वांचा तो मूळपुरुष, एवढीच त्याची ओळख दिलेली आहे. तो देव नाही, देवदूत नाही, संदेष्टाही नाही; उलट ज्याने आपल्या सख्ख्या भावाचा खून केला त्या काइनाच्या वंशातला आहे. असे असताना ‘संगीत ही देवाची देणगी आहे’ हे वाक्य ख्रिस्ती लेखनात इतक्या सहजपणे कसे येते? त्याला शास्त्राचा आधार आहे, की नंतरच्या चर्चने चढवलेला हा साज आहे? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

वसईचा वाचक

तुम्ही बोट ठेवले आहे ती जागा ख्रिस्ती भाष्यकारांनाही पूर्वीपासून अडवत आली आहे. तो उतारा (उत्पत्ती ४:१९-२२) पूर्ण वाचला तर दिसते की लामेखाला आदा आणि सिल्ला अशा दोन बायका होत्या. आदेचा याबाल हा तंबूत राहून गुरे पाळणाऱ्यांचा, तिचाच युबाल हा वादकांचा मूळपुरुष झाला, आणि सिल्लेचा तुबल-काइन तांब्यालोखंडाची हत्यारे घडवू लागला. गुरे, वाद्ये आणि हत्यारे एकाच ओघात, एकाच घरात येतात. देव इथे काही बोलत नाही, कोणाला काही शिकवत नाही. भोवतालच्या प्राचीन संस्कृतींत मात्र कला देवांकडून आलेल्या असतात. ग्रीकांच्या कथेत तर कासवाच्या कवचाची पहिली वीणा खुद्द हर्मीस देवच बनवतो. त्या पार्श्वभूमीवर बायबलने वाद्य माणसाच्या हाती, तेही अशा बदनाम घराण्यातल्या माणसाच्या हाती दिले, हे मला मुद्दाम केलेले वाटते. वाद्याला पूजावे असे त्यात काही उरत नाही.

परंतु बायबलमधले गाणे युबालपासून सुरू होत नाही. ईयोबाच्या ३८व्या अध्यायात देव ईयोबाला विचारतो की मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कोठे होतास, आणि त्याच वाक्याच्या ओघात सांगतो की त्या वेळी प्रभातनक्षत्रे मिळून गात होती व सर्व देवपुत्र जयजयकार करत होते. म्हणजे माणूस निर्माण होण्याच्या आधीच सृष्टीत गायन चाललेले आहे आणि माणूस त्यात उशिरा येऊन मिळाला आहे. सफन्या ३:१७ मध्ये तर देव स्वतःच आपल्या लोकांविषयी आनंदाने गातो, असे म्हटले आहे. गाणाऱ्या देवाचे हे चित्र बायबलमध्ये दुर्मीळ आहे, आणि प्रवचनांत त्याच्याकडे जितके लक्ष जायला हवे तितके जात नाही, अशी माझी जुनी तक्रार आहे.

तिसरा धागा आज्ञेचा. गणना १० मध्ये देव मोशेला चांदीचे दोन कर्णे घडवायला सांगतो आणि ते केव्हा, कसे फुंकायचे हेही सांगतो. पुढे २ इतिहास २९:२५ मध्ये हिज्कीया राजा झांजा, सतारी आणि वीणा घेतलेल्या लेव्यांना (मंदिरसेवेसाठी नेमलेल्या वंशातल्या लोकांना) मंदिरात उभे करतो, तेव्हा ही व्यवस्था दावीद, द्रष्टा गाद आणि नाथान संदेष्टा यांच्या सांगण्याप्रमाणे होती व ती आज्ञा मुळात परमेश्वराची होती, असे ग्रंथकार आवर्जून नोंदवतो. वाद्य कोणीही शोधले असो, ते उपासनेत येते ते देवाच्या सांगण्यावरून.

राहिला काइनाच्या वंशाचा प्रश्न. त्यावर मला सर्वांत पटलेले उत्तर सोळाव्या शतकातला धर्मसुधारक जाँ कॅल्व्हिन याचे आहे, आणि संगीताच्या बाबतीत कडक म्हणून प्रसिद्ध असलेल्या माणसाने ते द्यावे ही गंमतच आहे. उत्पत्तीवरील १५५४ च्या भाष्यात तो म्हणतो की काइनाच्या संततीला नव्या जन्माचा आत्मा लाभला नसला, तरी देवाने तिला क्षुल्लक नसलेल्या देणग्या दिल्या होत्या, आणि या कला देवाच्याच असल्यामुळे त्यांना तुच्छ लेखता येत नाही. याचा अर्थ असा होतो की संगीत ही केवळ भक्तांची मिरास नाही. पाऊस जसा सर्वांवर पडतो तशी ही देणगी सर्व मानवजातीला मिळालेली आहे. युबाल धार्मिक घराण्यातला असता तर हे इतक्या स्पष्टपणे म्हणता आले नसते.

ग्रंथकीटक

वरील उत्तराला एक जोड देतो, कारण या विषयावर ख्रिस्ती परंपरेतला सर्वांत धीट विचार माझ्या मते एका स्त्रीने मांडला आहे.

जर्मनीत ऱ्हाइन नदीकाठी बिंगेनजवळ रूपर्ट्सबर्गच्या मठाची प्रमुख असलेली हिल्डेगार्ड (१०९८–११७९) स्वतः पदे रचत असे व त्यांना चालीही लावत असे. तिच्या आयुष्याच्या अगदी शेवटी, ११७८ मध्ये, एक विलक्षण प्रकरण घडले. एकेकाळी बहिष्कृत असलेल्या एका सरदाराला मठाच्या दफनभूमीत पुरले गेले. माइन्झच्या धर्माधिकाऱ्यांनी प्रेत उकरून बाहेर काढण्याचा हुकूम दिला. मृत्यूपूर्वी त्या माणसाचा चर्चशी समेट झाला होता, असे सांगून हिल्डेगार्डने नकार दिला. शिक्षा म्हणून मठावर निर्बंध आले: पवित्र सहभागिता (प्रभुभोजनाचा विधी) बंद, आणि रोजच्या प्रार्थना गाऊन म्हणायच्या नाहीत, दाराआड हलक्या आवाजात नुसत्या वाचायच्या.

ऐंशी वर्षांच्या या वृद्धेने तेव्हा धर्माधिकाऱ्यांना जे पत्र लिहिले, ते म्हणजे संगीताच्या दैवी उगमाचे एक छोटेखानी धर्मशास्त्रच आहे. तिचे म्हणणे असे की पापात पडण्यापूर्वी आदामाचा आवाज देवदूतांच्या स्तवनाशी मिळणारा होता आणि सर्व स्वरमेळाची गोडी त्या आवाजात होती. आज्ञाभंगाने तो आवाज हरवला. पुढे पवित्र आत्म्याच्या प्रेरणेने संदेष्ट्यांनी स्तोत्रे रचली आणि वाद्ये योजली ती केवळ करमणुकीसाठी नव्हे, तर माणसाला त्या हरवलेल्या आवाजाची आठवण व्हावी म्हणून. आणि देवाच्या प्रेरणेने माणूस गाऊ लागलेला पाहून ज्याला सर्वाधिक त्रास होतो तो सैतान. म्हणून पुरेसे कारण नसताना चर्चचे गायन बंद पाडणाऱ्यांनी आपण कोणाचे काम करत आहोत याचा विचार करावा, कारण स्वर्गातल्या देवदूतांच्या स्तवनात त्यांना वाटा मिळणार नाही. आपल्याच वरिष्ठांना लिहिलेले हे शब्द आहेत! ११७९ मध्ये निर्बंध उठले आणि त्याच वर्षी सप्टेंबरात ती वारली.

हाच विचार तिने त्याच्या बऱ्याच आधी रंगमंचावरही आणला होता. तिच्या ‘ओर्दो विर्तुतुम’ या संगीतनाट्यात सद्गुण गातात, आत्मा गातो. सैतानाला मात्र एकही स्वर दिलेला नाही, तो फक्त ओरडून बोलतो.

तेव्हा संगीत देवाचे की माणसाचे, या प्रश्नाला हिल्डेगार्डचे उत्तर असे निघते की ते माणसाचेच आहे, पण पापात पडण्याच्या आधीच्या माणसाचे. युबालचे स्थान या मांडणीत गौण ठरते.

संशयात्मा

दैवी उगमाच्या कथा नंतर कशा तयार होतात याची दोन उदाहरणे देतो. श्रद्धेला धक्का देण्याचा हेतू नाही.

लोहाराच्या घणांचे आवाज ऐकून पायथागोरसला स्वरांतील प्रमाणे सापडली, ही ग्रीक कथा मध्ययुगीन युरोपात सर्वज्ञात होती. बाराव्या शतकात पीटर कोमेस्टर या फ्रेंच धर्मपंडिताने बायबलच्या इतिहासात तिची कलम केली: घण मारणारा तुबल-काइन, ऐकणारा त्याचा भाऊ युबाल, आणि ग्रीकांनी श्रेय चुकीने पायथागोरसला दिले! मुळात घणाच्या वजनाच्या प्रमाणात स्वर बदलतच नाहीत, त्यामुळे ही कथा पायथागोरसची असो वा युबालची, भौतिकशास्त्रात टिकत नाही.

दुसरे उदाहरण पोप ग्रेगरीचे (कार्यकाळ ५९०–६०४). त्यांच्या खांद्यावर कबुतराच्या रूपात पवित्र आत्मा बसला आहे आणि कानात चाली सांगतो आहे, अशी चित्रे मध्ययुगीन हस्तलिखितांत आढळतात. आज ज्याला ग्रेगोरियन गायन म्हणतात ते मात्र आठव्या-नवव्या शतकांत फ्रँकांच्या राज्यात, रोमन आणि स्थानिक गायनाच्या मिलाफातून आकाराला आले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. साम्राज्यभर एकच गायन लागू करायचे असेल तर ते थेट पवित्र आत्म्याकडून आले आहे असे सांगणे राज्यकर्त्यांच्या सोयीचेच होते.

तानपुरा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. हिल्डेगार्डचे पत्र मला पूर्णपणे नवीन होते. आता एक उपप्रश्न विचारतो. संगीत जर इतके उच्चकुलीन असेल, तर ख्रिस्ती धर्मातच त्याच्याविषयी एवढा संशय का दिसतो? शिवाय, सैतान हा पतनापूर्वी स्वर्गातला गायनप्रमुख होता आणि म्हणून काही वाद्ये त्याच्या ताब्यात गेली आहेत, असे एका प्रवचनात ऐकले होते. त्यात कितपत तथ्य आहे?

वसईचा वाचक

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देतो. ही कल्पना यहेज्केल २८ वर उभी केली जाते. तो अध्याय सोरच्या राजाविषयीचा विलाप आहे, आणि पुष्कळ ख्रिस्ती वाचकांनी त्यात सैतानाचे पतनही पाहिले असले, तरी गायनप्रमुखाचे पद तिथे कोठेही सांगितलेले नाही. वर आलेली हिल्डेगार्ड तर नेमकी उलट टोकाला उभी आहे.

संशयाचे मूळ अधिक खोल आहे आणि ते मी सहजासहजी मोडीत काढणार नाही. प्राचीन चर्चचा थोर धर्मपंडित ऑगस्टीन याने ‘कन्फेशन्स’ या आत्मकथनाच्या नवव्या भागात सांगितले आहे की मिलानमध्ये चर्चमधली स्तोत्रे ऐकून त्याचे डोळे भरून येत. बिशप अँब्रोजने ३८६ मध्ये, राजमाता युस्तिनाच्या छळाला तोंड देत चर्चमध्ये रात्रंदिवस जागणाऱ्या लोकांचा धीर खचू नये म्हणून, पूर्वेकडच्या पद्धतीचे हे समूहगायन सुरू केले होते. पण तोच ऑगस्टीन दहाव्या भागात कबूल करतो की ज्या वेळी गायिलेल्या शब्दांपेक्षा गाणेच मला अधिक हलवते, त्या वेळी माझ्या हातून पाप घडते. संगीत वाईट आहे अशी त्याची तक्रार नाही. ते इतके चांगले आहे की देणगी पाहताना देणाराच विसरला जातो, ही त्याची भीती आहे. त्याच्याही आधी आमोस संदेष्ट्याने देवाच्या तोंडून सांगितले होते की तुमच्या गाण्यांचा गोंगाट माझ्यापासून दूर करा, कारण बाहेर न्याय पायदळी तुडवला जात होता.

झ्विंग्लीने ही भीती टोकाला नेली. अनेक वाद्ये उत्तम वाजवणाऱ्या या धर्मसुधारकाच्या झुरिक शहरात १५२५ च्या नव्या उपासनाविधीत गायनाला जागाच नव्हती. तिथल्या चर्चमध्ये ते परतले १५९८ मध्ये. याउलट जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने १५३८ मध्ये एका गीतसंग्रहाला लिहिलेल्या प्रस्तावनेत संगीत हे सृष्टीच्या आरंभापासून प्रत्येक वस्तूत घातलेले आहे असे म्हटले: हवा एरवी दिसत नाही, ऐकू येत नाही, पण हलवली की तिलाही नाद फुटतो. युबालचा प्रश्न ल्यूथरने सोडवला असेल तर तो इथे. माणूस नाद निर्माण करत नाही, देवाने आधीच ठेवलेला नाद हलवतो.

या परंपरेत वाढलेल्या जर्मन संगीतकार बाखने आपल्या बायबलभाष्याच्या प्रतीत (त्यावर त्याची सही आणि १७३३ हे वर्ष आहे, आणि ती आता अमेरिकेत सेंट लुईसच्या एका धर्मविद्यालयात आहे) २ इतिहास ५:१३ जवळ समासात टीप लिहिली आहे. शलमोनाच्या मंदिरात गाणारे आणि कर्णे वाजवणारे एकसुरात आले तेव्हा मंदिर मेघाने भरले, असे ते वचन आहे. बाखची टीप अशी की भक्तिभावाच्या संगीतात देव आपल्या कृपेसह सदैव उपस्थित असतो. उगम कोठे, याविषयी तो तिथे काहीच म्हणत नाही. कामात गढलेल्या संगीतकाराला तो प्रश्न पडला नसावा.

ओवीकर

चर्चा युरोपात फार रमली आहे म्हणून मराठीपुरते थोडे. संगीत सर्व मानवजातीला मिळालेली देणगी आहे, हा वरचा मुद्दा मान्य केला, तर कोणत्याही समाजाचे संगीत उपासनेला चालले पाहिजे, आणि आपल्याकडे तसे घडलेही. गोव्यात आलेले इंग्रज धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स यांनी ‘ख्रिस्तपुराण’ ओवीत रचले (पहिली छपाई १६१६, गोव्यातील राशोल). १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी परक्या चालींवर बेतलेल्या भाषांतरित गीतांच्या जागी अभंग, पदे आणि कीर्तन आणले. त्यांची अनेक गीते ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकात आहेत. रोमन कॅथलिक चर्चने हेच तत्त्व दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६३ मधील उपासनाविषयक दस्तऐवजात, ११९व्या कलमात, अधिकृतपणे मांडले: ज्या लोकांची स्वतःची संगीतपरंपरा आहे, तिथे तिला योग्य मान आणि स्थान द्यावे.

तानपुरा यांना सुचवेन की पुणे किंवा अहिल्यानगरमधल्या एखाद्या जुन्या मराठी मंडळीत (चर्चमध्ये) रविवारच्या उपासनेला जाऊन बसावे. टिळकांची पदे तिथे आजही पेटी-तबल्यावर म्हटली जातात, आणि कोणत्या पदात कोणता राग आहे हे तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर ओळखू येईल.