शब्दचर्चा : क्षुधानाश, भूक मारणे आणि ‘खाववत नाही’

प्रश्न – नौपाडा, ठाणे
ठाण्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयातील पालकांसाठी आहारविषयक आजारांची एक माहितीपत्रिका मी मराठीत करीत आहे. पहिल्या मसुद्यात ‘अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा’साठी मी ‘मानसिक क्षुधानाश’ हा शब्द योजला होता आणि तो मला चांगला भारदस्तही वाटला होता. मसुदा तपासणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी त्या शब्दाखाली लाल रेघ ओढून समासात एवढेच लिहिले : “भूक नाश पावलेली नसते.” भूक असूनही माणूस जेवत नाही, या अवस्थेला मराठीत नेमके काय म्हणावे? ‘उपासमार’ आणि ‘अन्नत्याग’ हे दोन्ही शब्द मी विचार करून बाजूला ठेवले आहेत. पहिल्यात अन्नच मिळत नसते आणि दुसऱ्याला उपोषणाचा वास येतो.

उत्तर – ऐरोली
‘अ‍ॅनोरेक्सिया’ हा शब्द ग्रीक ‘ओरेक्सिस’वरून आला. ‘ओरेक्सिस’ म्हणजे ओढ, इच्छा. मुळात हात पुढे करून एखादी वस्तू गाठू पाहणे. त्याला नकाराचा ‘अन्’ लागला, जो आपल्या ‘अनिच्छा’तल्या ‘अन्’चाच भाऊबंद आहे. गंमत अशी की आपली ‘भूक’ही मुळात इच्छाच आहे. संस्कृत ‘बुभुक्षा’ म्हणजे खाण्याची इच्छा, तिचे प्राकृतात ‘भुक्खा’ झाले आणि मराठीत ‘भूक’. ‘क्षुधा’ या शब्दाच्या घडणीत असा इच्छेचा प्रत्यय नाही, त्यामुळे ‘क्षुधानाश’ हा शब्द मूळ शब्दापासून आणखी एक पायरी दूर जातो.

आयुर्वेदाच्या टीकाग्रंथांत याहून बारीक भेद केलेला आढळतो. तोंडात घातलेले अन्न रुचत नाही तो अरोचक. अन्नाचा विचार मनात आला, ते दिसले किंवा त्याचे नुसते नाव ऐकले तरी तिटकारा येतो तो भक्तद्वेष. आणि राग, भीती अशा कारणांनी अन्नावरची श्रद्धाच उडते तो अभक्तच्छंद. येथे ‘भक्त’ म्हणजे शिजवलेले अन्न, ज्यापासून आपला ‘भात’ आला. मात्र आजच्या पालकाला ‘अभक्तच्छंद’ हा देवभक्तीचा अभाव वाटेल, हेही तितकेच खरे.

उत्तर – खारघर
भूक खरोखर नाहीशी होते म्हणजे काय होते, ते मी घरात पाहिले आहे. सासूबाईंचे केमोथेरपीचे उपचार चालू असताना त्या म्हणत, “अन्नावरची वासनाच उडाली बघ.” मऊ भात, मेतकूट, वर साजूक तूप, असे त्यांच्या आवडीचे ताट समोर ठेवले तरी त्या मान वळवीत. त्यांच्या बोलण्यातला ‘वासना’ हा शब्द ‘ओरेक्सिस’शी किती तंतोतंत जुळतो, हे वरचे उत्तर वाचून लक्षात आले. परंतु शहरी मराठीत या शब्दाला आता एकच अर्थ उरला असल्यामुळे तो महाविद्यालयाच्या पत्रिकेत छापता येणार नाही, याचे वाईट वाटते.

उत्तर – वाशी
मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते, म्हणून मेंदूच्या बाजूने लिहिते. भूक पोटात लागते असे आपण म्हणतो आणि पोटात कावळेही ओरडतात, पण भुकेचा हिशेब ठेवला जातो तो मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या लहानशा भागात. बाळकृष्ण आनंद या भारतीय शास्त्रज्ञाने १९५१ मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठात ब्रोबेक यांच्याबरोबर असे दाखवून दिले की, हायपोथॅलॅमसच्या दोन्ही बाजूंकडील एक ठरावीक भाग निकामी केला तर उंदीर समोर अन्न असूनही खाणे सोडून देतात. हेच आनंद पुढे दिल्लीच्या एम्समध्ये शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्याआधी १९४० मध्ये हेदरिंग्टन आणि रॅन्सन यांनी मध्याजवळचा भाग निकामी करून उंदीर बेसुमार लठ्ठ होतात हे दाखवले होते. एक केंद्र भुकेचे आणि एक तृप्तीचे, असे सुटसुटीत चित्र त्यातून तयार झाले आणि ते बरीच वर्षे पाठ्यपुस्तकांत टिकले.

आजचे चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. हायपोथॅलॅमसमध्येच ‘एजीआरपी’ नावाच्या चेतापेशींचा एक पुंजका असतो. त्या उद्दीपित केल्या की पोट भरलेला उंदीरही काही मिनिटांत खायला लागतो आणि प्रौढ उंदरात त्या नष्ट केल्या तर तो अन्नाकडे पाठ फिरवतो. त्यांच्या शेजारच्या ‘पीओएमसी’ पेशी नेमके उलटे काम करतात. जठरातून येणारे घ्रेलिन (१९९९ मध्ये सापडलेले) भूक चेतवते. चरबीतून येणारे लेप्टिन (१९९४) साठा पुरेसा असल्याचा निरोप देते. शब्दांच्या चौकटीत सांगायचे तर ‘लेप्टिन’ हे नाव ‘सडपातळ’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून पडले आहे.

आता मुद्द्यावर येते. अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसाच्या रुग्णांच्या रक्तात लेप्टिन कमी आणि घ्रेलिन जास्त आढळते, म्हणजे शरीर भुकेचा धोशा लावून बसलेले असते. विल्यम गल या डॉक्टरांनी १८७३ मध्ये लंडनमध्ये हे नाव दिले, तेव्हा यांपैकी काहीच ठाऊक नव्हते. त्यामुळे मूळ नावच चुकलेले आहे आणि ‘क्षुधानाश’ हे त्या चुकीचे प्रामाणिक भाषांतर आहे.

उत्तर – कोपरी, ठाणे
वाशीच्या बाईंचे लिहिणे वाचून एक गोष्ट सांगावीशी वाटली. आमच्या नात्यातील एका मुलीने अकरावीत असताना आधी सोमवार धरला, मग गुरुवार, मग संकष्टी आणि दोन्ही एकादश्या. घरातील वडीलधारी मंडळी कौतुकाने सांगत की पोर फार देवभोळी आहे. एकादशी आणि दुप्पट खाशी अशी आमच्या घरची रीत असताना ही मुलगी साबुदाण्याच्या खिचडीतले शेंगदाण्याचे कूट बोटांनी बाजूला करी आणि उरलेल्याचे चार दाणे खाई. एका पोळीचे सोळा तुकडे करून ते ताटभर फिरवत बसे. त्याच वेळी ती दिवसभर मोबाइलवर पाककृती पाहत असे आणि भावासाठी आग्रहाने केक करीत असे. डॉक्टरांकडे मात्र तिची आई सांगत होती, “हिला भूकच लागत नाही हो.”

म्हणून मला वाटते की आपल्याजवळ शब्द आहे. चहावर चहा प्यायल्याने ‘भूक मरते’, ती आपोआप. येथे ‘भूक मारली’ जाते. सासूबाईंची भूक मेली होती, या मुलीने ती मारली होती. अकर्मक आणि सकर्मक एवढाच फरक आहे. ‘भूकमारी’ असे नाम करता येईल का?

उत्तर – वाशी
पाककृतींचा उल्लेख फार बोलका आहे. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा येथे अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी पुरुष स्वयंसेवकांना काही महिने अर्धपोटी ठेवले, तेव्हा त्यांतील अनेकांना अन्नाशिवाय दुसरे काही सुचेनासे झाले आणि काही जण तर पाककृतींची पुस्तके वाचत बसू लागले. याचा अर्थ, मुलीचे ते वेड हे भूक जिवंत असल्याचेच लक्षण होते.

तरीही ‘भूक मारणे’ला माझा विरोध आहे, कारण त्याला कर्ता लागतो आणि कर्ता आला की दोष आला. “तूच भूक मारतेस, आता तूच खा,” असे घरचे म्हणू लागतात. प्रत्यक्षात हा आजार हट्टातून येत नाही. सुमारे १७ हजार रुग्णांच्या जनुकीय माहितीवरील, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या आजाराशी निगडित अशा जनुकसंचातील आठ जागा सापडल्या आणि त्यात मानसिक आजारांबरोबरच चयापचयाशीही नाते दिसले. सुरुवात स्वतःच्या निर्णयाने झालेली असली तरी पुढे तो निर्णय तिच्या हातात राहत नाही.

उत्तर – ऐरोली
मग नामाच्या मागे न लागता क्रियापदाकडे वळावे. मराठीत शक्य क्रियापद आहे : बघवत नाही, बोलवत नाही, चालवत नाही. “ती खात नाही” यात हट्ट आहे, “तिला भूक नाही” हे खोटे आहे. “तिला खाववत नाही” यात कर्तेपण गळून पडते आणि असमर्थता तेवढी उरते.

उत्तर – खारघर
पण आमच्या सासूबाईही “खाववत नाही” असेच म्हणत असत.

प्रश्नकर्ता – नौपाडा
खारघरची हरकत बरोबर आहे, म्हणून एकट्या ‘खाववत नाही’वर भार टाकलेला नाही. शीर्षकात ‘अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा’ हेच नाव देवनागरीत ठेवले असून त्याखाली पहिले वाक्य असे केले आहे : “या आजारात भूक लागते, पण खाववत नाही.” केमोथेरपीसारख्या उपचारांत जे होते त्यासाठी दुसऱ्या पानावर ‘अन्नावरची इच्छा उडणे’ असे लिहिले आहे. ‘उपासांची संख्या अचानक वाढणे’ ही ओळ कोपरीच्या उत्तरावरून पालकांनी लक्ष ठेवण्याच्या गोष्टींत घातली. मसुदा काल परत आला. या वेळी लाल रेघ एकच होती आणि ती ‘खाववत’मधल्या दुसऱ्या ‘व’खाली होती : “एक जास्त पडला का?”

उत्तर – ऐरोली
नाही. ‘कर’चे ‘करवत’ होते, पण ‘खा’, ‘जा’ यांसारख्या स्वरान्त धातूंना दोन ‘व’ लागतात : खाववत, जाववत. दोन्ही ठेवावेत.