मदत हवी आहे: जलरंगात सपाट वॉश येत नाहीये

शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा दिल्या होत्या. पुढे नोकरी-संसारात ब्रश सुटला, तो इतक्या वर्षांनी पुन्हा हातात घेतलाय. पेन्सिलीवर हात बऱ्यापैकी बसतोय. अडलंय ते जलरंगात.

आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग एकसारखा थर, द्यायला घेतला की निम्म्यात कडा वाळते. त्यावर पुढचा हात फिरवला की दातेरी कडेचा डाग उठतो आणि पुसायला गेलं की कागदाचा लगदा सुटतो.

बोर्ड तिरका ठेवून पाहिला, कागद आधी ओला करून पाहिला. रंग वाटीत भरपूर कालवून घेते, ब्रश १२ नंबरचा गोल आहे, पंखा बंद असतो. कागद २०० जीएसएम (चौरस मीटरला इतके ग्रॅम) वजनाचा, साधा सेल्युलोजचा, म्हणजे लाकडाच्या लगद्याचा. चारी बाजूंनी मास्किंग टेप लावते, तरी ओला झाला की मधे फुगतो आणि रंग खळग्यात साचतो. रंग ट्यूबमधले आहेत, नवीनच घेतलेत, त्यामुळे दोष त्यांचा नसावा.

पूर्ण कॉटनचा ३०० जीएसएम कागद रोजच्या सरावाला परवडत नाही. क्लासही सध्या शक्य नाही, रात्री तासभरच मिळतो. व्हिडिओ बरेच पाहिले, पण त्यात सगळे महागड्याच कागदावर रंगवतात. मला हे पुन्हा सोडायचं नाहीये, म्हणून विचारते.

हाच कागद भिजवून, गमटेपने (ओली करून चिकटवायच्या कागदी पट्टीने) बोर्डावर ताणून घेतला तर डाग थांबतील का? की चांगल्या कागदाचे पोस्टकार्डाएवढे तुकडे करून त्यावरच सराव करावा?