टीव्हीला कुठली वायर कुठं? आपापले अनुभव टाका

परवा विडी घरकुलला आत्याकडं गेलो तर टीव्हीवर नुसतं 'नो सिग्नल'. रिमोटचे सेल बदलून झालेले, केबलवाल्याला चार फोन झालेले, आत्या म्हणते टीव्ही गेला रे बाबा. नातू त्याचा गेमचा खोका काढून घेऊन गेलेला आणि टीव्ही तसाच त्या खोक्याच्या भोकावर, एचडीएमआय २ वर बसलेला. रिमोटवरचं सोर्स दाबून केबलच्या बॉक्सच्या १ वर आणला, शेंगापोळी खाल्ली, घरी आलो. तुमच्याकडं काय काय झालंय लिहा.

जुना सोलापूरकर: मी गच्चीवर अँटेनाचा पाइप फिरवायचो, आई खाली दारातनं "आलं, आलं... गेलं!" ओरडायची. चपटी वायर उन्हानं तडकली म्हणून हुशारी करून गोल केबल टाकली, तारा नुसत्या पिळून जोडल्या, तर पडद्यावर मुंग्याच मुंग्या. चपटी ३०० ओहमची, गोल ७५ ची, मधे दोन्हींचा मेळ घालणारी बॅलनची डबी लागते हे दुकानदारानं सांगितलं तेव्हा कळलं.

अशोक चौक: केबल डिजिटल करायची ३१ मार्च २०१३ ची मुदत आली नि सोलापुरात केबलला सेट टॉप बॉक्स लागला, तोवर वायर सरळ टीव्हीच्या पाठीत. पुढं नवा टीव्ही घेतला तर त्यात बॉक्सच्या चित्राच्या पिवळ्या पिनेला पिवळं भोकच नाही. पिवळी पिन हिरव्यात घातली, चित्र आलं पण ब्लॅक अँड व्हाइट! बाबा म्हणाले पैसे पाण्यात. सोर्स कंपोनंटवर (चित्र तीन वायरींतनं येतं तो) राहिलेला, एव्ही (एकाच पिवळ्या वायरीचा) केला की रंग आले.

जुळे सोलापूर: फ्री डिशची छत्री मी स्वतः लावली. उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला, म्हणून मोबाईलच्या होकायंत्रावर ९३ धरून मे महिन्यात दुपारभर गच्चीवर भाजून निघालो, काही येईना. अहो तो आकडा रेखांशाचा! आपल्या इथनं तोंड आग्नेयेला, १३४ च्या आसपास. मग लागलं. पुढं एकदा सकाळी सगळे चॅनल गायब, वर जाऊन बघतो तर बायकोनं ओली चादर छत्रीवर वाळत टाकलेली, आपली सोलापुरी, जाडजूड. म्हणते ऊन चांगलं येतं की तिथं. पाण्यानं सिग्नल पार खाल्ला होता, चादर काढल्याबरोबर बातम्या सुरू.

होटगी रोड: जुन्या डब्बा टीव्हीला ती मोबाईलसारखं नेटवरचं दाखवणारी एचडीएमआयची स्टिक चालते का ओ?

अशोक चौक: एचडीएमआयचं एव्ही करणारा कन्व्हर्टर घ्या, एव्हीचं एचडीएमआय करणारा उलटा देतात बरं का, नीट बघून घ्या. चालेल, पण अक्षरं वाचायला चष्मा लागेल.