मदत हवी आहे : निर्जन बेटावरील कुटुंबाची पटकथा कशी सुधारावी?

निर्जन बेटावर अडकलेल्या आईवडील व दोन मुलांच्या चित्रपटाची पटकथा मी लिहीत असून तिच्या पूर्वार्धासाठी जाणकारांची मदत हवी आहे. सध्याच्या खर्ड्यात चौथ्याच दिवशी झाडावर ऐसपैस घर उभे राहते आणि पाण्याचा प्रश्न एक झरा परस्पर मिटवून टाकतो, त्यामुळे सारे प्रकरण सहलीसारखे वाटते. (वाघाशी झुंज मी आधीच कापली आहे.) समुद्राच्या पाण्यात सुमारे ३.५ टक्के क्षार असल्याने ते प्यायल्यास शरीरातले पाणी उलट घटते. म्हणून झरा वगळून, धाकटी मुलगी ते चोरून पिते असा प्रसंग घालावा, असे मनात आहे. मुलांसोबत पाहायच्या चित्रपटात तिचे आजारपण कितपत दाखवावे आणि शिडाच्या कापडात पावसाचे पाणी साठवण्याची खटपट रटाळ न होता कशी मांडावी, हे कृपया सुचवावे.