रॉजर्स स्टीलर्समध्ये आला खरा, पण ४१ वर्षांच्या क्वार्टरबॅकवर किती भरवसा ठेवायचा?

जळगावचा_स्टीलर

मंडळी नमस्कार, यंदा २०२५ च्या जूनमध्ये अ‍ॅरन रॉजर्सने पिट्सबर्गच्या टीमसाठी, म्हणजे आपल्या स्टीलर्ससाठी, सही केली तेव्हापासून मला कळत नाहीये की खूश व्हावं का घाबरावं, म्हणून इथे विचारतोय, इकडे जळगावात अमेरिकन फुटबॉलवर बोलायला माणूस सापडत नाही, कोणाला सांगायला जावं तर तो दोन मिनिटांत आयपीएलवर येतो.

आपला जुना क्वार्टरबॅक (म्हणजे पास टाकून टीमचा हल्ला चालवणारा खेळाडू) रोथलिसबर्गर २०२१ चा सीझन खेळून रिटायर झाला आणि तेव्हापासून आपल्याकडे क्वार्टरबॅक टिकतच नाही. २०२२ ची पहिली मॅच ट्रुबिस्की, २०२३ ला पिकेट, २०२४ ला फील्ड्स आणि मग मधूनच विल्सन, आता रॉजर्स. पिकेटवर तर ड्राफ्टमधला (कॉलेजच्या नवीन खेळाडूंची दरवर्षीची निवड) पहिल्या राउंडचा २० वा पिक घातला होता आणि दोन सीझनमध्ये त्याला फिलाडेल्फियाला देऊन टाकला. मागच्या वर्षी १० जिंकल्या ३ हरल्या इथपर्यंत मजेत होतो, मग शेवटच्या चारही हरलो आणि प्लेऑफमध्ये बाल्टिमोरने २८-१४ ने धुतलं. प्लेऑफमध्ये आपण शेवटचं जिंकलो ते जानेवारी २०१७ ला, कॅन्सस सिटीत १८-१६, ते पण टचडाउन (बॉल शेवटच्या रेषेपार नेणं, ६ पॉइंट) एक नाही, बॉसवेलचे सहा फील्ड गोल (लाथेने मारलेले, ३-३ पॉइंटचे). मी तेव्हा कॉलेजला होतो, आज नोकरी लागून किती वर्षं झाली.

आता रॉजर्स. चार वेळा एमव्हीपी (लीगचा सर्वोत्तम खेळाडू), २०११, २०१४, २०२०, २०२१. त्यात शंका नाही, असा हात पुन्हा होणे नाही. पण २ डिसेंबरला गडी ४२ चा होतोय. न्यूयॉर्क जेट्सकडे गेला तर सप्टेंबर २०२३ मध्ये चौथ्याच स्नॅपला (म्हणजे चौथ्यांदा बॉल खेळात आला तेव्हा) टाचेची नस तुटली आणि सीझन खल्लास. २०२४ ला १७ च्या १७ मॅच खेळला, ३८९७ यार्ड, २८ टचडाउन, ११ इंटरसेप्शन (समोरच्यांनी पकडलेले पास), आकडे वाईट नाहीत, पण टीम ५ जिंकली १२ हरली. मग नेमकं काय समजायचं, हा बरा झालेला रॉजर्स आहे का उतरणीला लागलेला? मला मनापासून वाटतं की या वर्षी एक तरी प्लेऑफ जिंकावा, पण मन धजत नाही. तुमचं काय म्हणणं?

रावेरचा_केळीवाला

भो, आधी पैशाचा हिशोब मांड मग घाबर. कॉन्ट्रॅक्ट एकाच वर्षाचं, १ कोटी ३६ लाख ५० हजार डॉलर, सगळे बोनस मिळाले तरी १ कोटी ९५ लाखाच्या वर जात नाही. डॅलसचा क्वार्टरबॅक प्रेस्कॉट वर्षाला ६ कोटी डॉलर घेतो. आणि रॉजर्ससाठी आपण एक पण ड्राफ्ट पिक दिला नाही, जेट्सने त्याला सोडलं होतं, आपण नुसतं उचललं.

आमच्याकडे केळीची बाग कापली की त्याच बुडाचं पिल ठेवून पिलबाग धरतात, नवीन रोपांचा खर्च नाही, लागवडीची मजुरी नाही, घड बरे लागले तर पैसा सुटतो आणि नाही लागले तरी घर बुडत नाही. फक्त वादळ आलं की काही खरं नसतं, तेव्हा टेकू कसे लावलेत त्याच्यावर सगळं. रॉजर्सचं तसंच समज. त्याला टेकू म्हणजे ऑफेन्सिव्ह लाइन, क्वार्टरबॅकला वाचवणारी पुढची पाच माणसं, आणि मला काळजी त्याची आहे, वयाची नाही. डाव्या बाजूला ब्रॉडरिक जोन्स, उजव्या बाजूला ट्रॉय फाउटानू, फाउटानू मागच्या वर्षी एकच मॅच खेळला आणि गुडघ्याने बसला. मधला झॅक फ्रेझियर पक्का आहे, पण क्वार्टरबॅकला मार कडेने येतो ना. २०२४ ला जेट्समध्ये रॉजर्सला ४० वेळा पाडलं. या वयात ४० वेळा पडणं म्हणजे काय ते चाळिशीच्या पुढच्या कोणालाही विचार.

नंदुरबार_नाइटशिफ्ट

मी सरळ बोलतो, मला हा निर्णय पटलेला नाही आणि राग पण आहे. मार्चमध्ये पिट्सबर्गला येऊन भेटून गेला आणि जूनपर्यंत थांबवून ठेवलं, सगळी टीम एका माणसाच्या उत्तराची वाट बघत बसली. त्याच्या घरच्या अडचणी होत्या असं तो म्हणाला, असतील, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण टीमने दुसरा रस्ता तयार ठेवायला नको होता का?

लोक म्हणतात म्हातारा क्वार्टरबॅक नवीन टीममध्ये जाऊन जिंकतो, ब्रेडी टॅम्पाला गेला आणि ४३ व्या वर्षी सुपर बोल (लीगची फायनल) जिंकला. बरोबर आहे, पण न जिंकलेल्यांचं नाव कोणी घेत नाही. युनायटस १९७३ ला सॅन डिएगोला गेला, नेमथ १९७७ ला रॅम्सकडे, दोघांचं तिथेच संपलं. मॅट रायन २०२२ ला कोल्ट्सकडे गेला, सीझनच्या मधेच त्याला बसवलं. आणि खुद्द रॉजर्स जेट्सकडे गेला त्याचं काय झालं ते वर लिहिलंच आहे, पाच मॅचनंतर कोच सालेहला काढलं, दावान्ते अ‍ॅडम्सला आणला, तरी पाचच मॅच जिंकले.

माझ्या ऑफिसात एकजण म्हणाला की धोनी नाही का ४१ व्या वर्षी २०२३ ची आयपीएल जिंकला. अरे पण धोनीला खाली बॅटिंगला ठेवता येतं, कधी कधी त्याची बॅटिंग येतच नाही. क्वार्टरबॅकला कुठे लपवणार? टीमकडे बॉल आहे तोपर्यंत प्रत्येक वेळी तो पहिला याच्या हातात येतो आणि समोरची १२०-१३० किलोची माणसं याच्याच अंगावर येतात.

अमळनेर_ते_पिट्सबर्ग

नंदुरबारवाल्या भाऊ, तुमचा राग समजतो, इथे पिट्सबर्गात पण एप्रिल-मे महिन्यात असाच राग होता. मी इथे नोकरीला आहे, शेजारपाजारचे सगळे जन्मापासून स्टीलर्सवाले, पिवळा टॉवेल घरात देवासारखा जपतात. जुन्या लोकांच्या मनात अजून एक गाठ आहे, फेब्रुवारी २०११ चा सुपर बोल. तेव्हा रॉजर्स ग्रीन बेचा होता, ३०४ यार्ड, ३ टचडाउन, एकही इंटरसेप्शन नाही, आपण ३१-२५ ने हरलो आणि सामन्याचा एमव्हीपी हाच. सातवी ट्रॉफी ज्याने हिसकली त्यालाच आता ती आणून दे म्हणायचं, हे गिळायला लोकांना वेळ लागला. पण जूनच्या मिनीकॅम्पला आला, पोरांबरोबर काम केलं आणि हवा बदलली, हे मी डोळ्यांनी बघतोय.

आता मुद्द्याचं. सगळे वय-वय करतात, पण माझ्या मते खरा पेच ऑफेन्सचा, म्हणजे हल्ल्याच्या पद्धतीचा, आहे. हल्ल्याचे डाव आखणारा कोऑर्डिनेटर आर्थर स्मिथ, त्याला क्वार्टरबॅक सेंटरच्या (बॉल मागे देणाऱ्या मधल्या खेळाडूच्या) मागे चिकटून हवा, आधी रन, मग रन दाखवून पास, दोन-दोन तीन-तीन टाइट एंड (समोरच्याला अडवणारे आणि पास पण झेलणारे) मैदानात. रॉजर्सला आयुष्यभर शॉटगनमध्ये मागे उभं राहून समोरची रचना वाचायची, हाताची खूण करून ऐनवेळी प्ले बदलायचा, बॉल चटकन सोडायचा अशी सवय. प्ले अ‍ॅक्शनमध्ये, म्हणजे रन दाखवून पास टाकताना, समोरच्याकडे पाठ करावी लागते, ते त्याला कधीच फार आवडलं नाही. या दोघांपैकी कोण किती वाकतं त्याच्यावर सीझन ठरेल. मला वाटतं स्मिथने वाकावं, कारण वीस वर्षं खेळलेल्या माणसाच्या डोक्यात जे आहे ते कुठल्याच प्लेबुकात नसतं. मायामीहून टाइट एंड जोनू स्मिथ आणलाय, तो या कोऑर्डिनेटरबरोबर टेनेसी आणि अटलांटात खेळलाय, फ्रायरमुथ आहे, डार्नेल वॉशिंग्टन तर ६ फूट ७ इंच. म्हणजे कल कुठे आहे ते दिसतंच.

रिसीव्हरची, म्हणजे पास झेलणाऱ्यांची, मात्र चिंता आहे. मेटकाफ मार्चमध्ये सिअ‍ॅटलहून आला ते उत्तमच, पण मे महिन्यात पिकेन्सला डॅलसला दिला आणि त्याच्या जागी तसा कोणी आणला नाही. मेटकाफला दोघं-दोघं धरले की बॉल द्यायचा कोणाला? बाकी आते जे व्हई ते व्हई, पण मी आशेवर आहे.

धुळ्याची_ताई

सगळ्यांचं वाचलं, पण मागच्या जानेवारीत बाल्टिमोरने आपल्याला कसं हरवलं ते कोणीच बोलत नाहीये. २९९ यार्ड नुसते पळून काढले त्यांनी, एकट्या हेन्रीचे १८६. त्या रात्री क्वार्टरबॅकच्या जागी कोणीही असता तरी हरलोच असतो, कारण बॉलच हातात येत नव्हता. म्हणून मला रॉजर्सच्या सहीपेक्षा पहिल्या राउंडला डेरिक हार्मन घेतला त्याचा आनंद जास्त झाला, मधोमध रन थांबवणारा माणूस पाहिजेच होता. डिफेन्समध्ये वॉटला तीन वर्षं वाढवून दिली, जेलन रॅम्सी आला. (मिन्का फिट्झपॅट्रिक गेला त्याचं मात्र फार वाईट वाटलं, माझ्या भाच्याकडे त्याच्याच नंबरची जर्सी आहे.)

म्हातारा क्वार्टरबॅक म्हटलं की सगळ्यांना ब्रेडी आठवतो, मला पेटन मॅनिंग आठवतो. २०१५ च्या सीझनला त्याचे टचडाउन ९ आणि इंटरसेप्शन १७, मधे काही आठवडे तर बाहेरच होता, हातात काही उरलं नव्हतं, तरी डेन्व्हरने सुपर बोल जिंकला कारण डिफेन्सने कोणाला उठूच दिलं नाही. रॉजर्स आज त्या मॅनिंगपेक्षा नक्कीच बरा आहे. जेट्सच्या शेवटच्या मॅचला मायामीविरुद्ध ४ टचडाउन टाकले त्याने, त्यातलाच एक करिअरचा ५०० वा. टाचेच्या ऑपरेशननंतर पहिलं वर्ष जडच जातं, सीझनच्या शेवटी तो सुरुवातीपेक्षा मोकळा हलत होता हे मी नीट बघितलंय. त्यामुळे तो उतरणीला लागलाय असं मी तरी आत्ताच म्हणणार नाही. त्याने गेम जिंकून द्यायची अपेक्षा नको, त्याने गेम घालवू नये एवढं पुष्कळ. आणि तो आयुष्यभर नेमका तसाच खेळलाय, बॉल सहसा दुसऱ्याच्या हातात देत नाही.

पहिली मॅच ७ सप्टेंबरला जेट्सशीच आहे, त्याच मैदानावर जिथे त्याची नस तुटली होती. आपल्याकडे रात्री साडेदहाला. आदल्या दिवशी विसर्जन, म्हणजे सगळे थकलेले, आणि मॅचच्याच रात्री खग्रास चंद्रग्रहण पण आहे, आमच्याकडे सासूबाई काही खाऊ देणार नाहीत, तर पाण्यावर मॅच बघायची तयारी ठेवलीय. २८ सप्टेंबरची डब्लिनची मॅच मात्र संध्याकाळी सातला, ती घरातल्या सगळ्यांना बसवून दाखवणार आहे, एरवी कोणाला एवढं जागायला सांगायचं?

नंदुरबार_नाइटशिफ्ट

ताई, मॅनिंगचा मुद्दा मान्य, डिफेन्सचं पण मान्य. पण बाल्टिमोरचा लॅमार जॅक्सन आणि सिनसिनाटीचा बरो या क्वार्टरबॅकांशी वर्षातून दोन-दोनदा गाठ आहे, गेम घालवायचा नाही एवढ्यावर त्यांच्याशी भागत नाही. १४-१७ पॉइंटवर बरोला हरवता येत नाही. आणि रॉजर्स स्वतःच म्हणालाय की बहुतेक हेच शेवटचं वर्ष. मग पुढच्या वर्षी परत हाच धागा, नवीन नाव. आपला कोच टॉमलिन २००७ पासून आहे, एकदाही निम्म्याच्या खाली गेला नाही, आणि त्यामुळेच आपल्याला वरचा ड्राफ्ट पिक कधी मिळत नाही (जास्त हरणाऱ्यांना आधी निवडता येतं), चांगला तरुण क्वार्टरबॅक हाताला लागत नाही. एक वाईट वर्ष सोसलं असतं तरी चाललं असतं मला.

रावेरचा_केळीवाला

मुद्दाम हरायचं? नाही भो, ते नाही पटत. वॉट तिशीला आला, कॅम हेवर्ड छत्तिशीचा, त्यांनी अजून किती थांबायचं? हेवर्ड २०११ पासून या टीमसाठी रक्त आटवतोय आणि त्याच्याकडे सुपर बोल जिंकल्याची एक पण अंगठी नाही. त्याच्यासाठी तरी या वर्षी जीव लावून खेळलं पाहिजे.

जळगावचा_स्टीलर

सगळ्यांचे आभार, बरंच मोकळं वाटलं. ताईंचं म्हणणं मला सगळ्यात पटलं, पण नंदुरबारवाल्याचा मुद्दा पण खोटा नाही, आणि हेवर्डचं वाचून खरंच गलबलून आलं. अमळनेरवाले दादा, एकच विचारायचं राहिलं. रॉजर्स मधेच जखमी झाला तर पुढे कोण? विल हॉवर्डला तर सहाव्या राउंडला घेतलाय, त्याला लगेच टाकतील का?

अमळनेर_ते_पिट्सबर्ग

नाही, मेसन रुडॉल्फ येईल. त्याला परत आणलाय तो त्यासाठीच. २०२३ ला शेवटच्या तीन मॅच त्याने जिंकून दिल्या होत्या आणि त्याच्यामुळेच प्लेऑफला गेलो होतो, लोक विसरतात. चार-पाच आठवडे तो गाडी रुळावर ठेवू शकतो, पूर्ण सीझन नाही. हॉवर्ड ओहायो स्टेटला नॅशनल चॅम्पियनशिप जिंकून आलाय, पोरगं शांत डोक्याचं वाटतं, पण त्याने हे वर्ष रॉजर्सच्या शेजारी मीटिंगमध्ये बसून काढावं, वही-पेन घेऊन. लॅट्रोबला टीमचा सरावाचा कॅम्प सुरू झाला की मी एक रविवार जाणार आहे, फाउटानूचा गुडघा कसा चाललाय ते बघून इथेच लिहितो.