संत्रा, संत्रं की संत्री?

मुलगी चौथीत आहे. सहामाहीच्या मराठीच्या पेपरात ‘वचन बदला’ म्हणून एक शब्द होता : संत्रे. तिनं उत्तर लिहिलं ‘संत्रा’. तपासणाऱ्यांनी त्यावर लाल फुली मारून बाजूला लिहिलं, ‘संत्री’. म्हणजे त्यांच्या लेखी ‘संत्रे’ हे एक फळ, आणि आमच्या पोरीच्या लेखी टोपलीभर.

पेपर आधी माझ्या बाबांच्या हाती लागला. वरूडच्या अलीकडे आमची संत्र्याची बाग आहे आणि बाबांचा सगळा जन्म त्या झाडांखाली गेला आहे. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, फुली पाहिली आणि म्हणाले, “संत्री? संत्री तं बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा राह्यते. पोट्टीनं बरोबर लिहेल हाय.”

प्रश्न अर्ध्या मार्काचा होता, पण मी आठवडाभर त्यातच अडकलो.

आधी व्याकरणाचं बोलू. पुस्तकी मराठीत संत्रे हे नपुंसकलिंगी : ते संत्रे, ती संत्री. बोलताना संत्रं. केळे-केळी, तसंच. आमच्याकडे, म्हणजे अमरावती-नागपूरच्या पट्ट्यात, तो पुरुष आहे : तो संत्रा, ते संत्रे. आंबा-आंबे, तसंच. मुंबईकडच्या पाहुण्यांच्या तोंडी तिसराच प्रकार ऐकला, ‘ही संत्री आंबट आहे’, सरळ स्त्रीलिंग. एकाच राज्यात एका फळाची तिन्ही लिंगं.

गंमत अशी की हे भांडण फक्त शब्द सुटा उभा असतानाच होतं. विभक्ती लागली की पुणं आणि वरूड एक होतात. संत्र्याची बाग, संत्र्याला भाव नाही, संत्र्यांचा ट्रक. इथं कोणीच कोणाची चूक काढू शकत नाही, कारण पुल्लिंगी ‘संत्रा’ आणि नपुंसकलिंगी ‘संत्रे’ दोघांचंही सामान्यरूप ‘संत्र्या-’ असंच होतं. इतकंच काय, बाबांचा तो बंदूकवाला संत्रीही (हा इंग्रजी ‘सेंट्री’वरून आलेला) माळी-माळ्याला या चालीनं ‘संत्र्याला’च होतो. ‘संत्र्याला पाणी दे’ म्हटलं तर झाडाला द्यायचं की पहारेकऱ्याला, हे व्याकरण सांगत नाही. आणि परीक्षेत नेमका तोच सुटा शब्द विचारतात, जिथं घोळ आहे.

आमच्याकडे तो पुरुष का झाला? मला तरी कारण बाजारात दिसतं. हा सगळा मुलूख १९५६ पर्यंत मराठी राज्यात नव्हताच, मध्य प्रांत-वऱ्हाड आणि मग मध्य प्रदेश. माल घ्यायला येणारा व्यापारी दिल्लीचा असो की कलकत्त्याचा, सौदा हिंदीतच. हिंदीत संतरा-संतरे. ज्या भाषेत भाव ठरतो त्या भाषेचं लिंग फळाला चिकटलं तर नवल नाही. आणि खरं सांगायचं तर ही लाट पुण्यापर्यंतही गेली आहे. बर्फी ‘संत्रा बर्फी’ असते, ‘संत्रे बर्फी’ कोणी म्हणत नाही. देशी दारूच्या बाटलीवरही ‘संत्रा’च छापलेलं असतं, आणि तिथं लिंगावरून वाद घालणारा अजून भेटायचा आहे.

आता मूळ. ‘संत्रा हा शब्द पोर्तुगालमधल्या सिंत्रा गावावरून आला’ हे वाक्य तुम्ही कुठे ना कुठे वाचलं असेल. लिस्बनजवळ सिंत्रा नावाचं गाव खरंच आहे, आणि पोर्तुगीजांनी आपल्याला बटाट्यापासून पगारापर्यंत कितीतरी शब्द दिले, त्यामुळे ऐकायला बरं वाटतं. १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशातही ‘बहुधा सिंत्रावरून’ असंच म्हटलं आहे. मला मात्र ते पचत नाही, आणि न पचण्याचं कारण त्याच कोशात आहे : बाबराचा उतारा. बाबर हिंदुस्थानात जिंकून बसला १५२६ मध्ये, वारला १५३० मध्ये. त्यानं आपल्या आठवणींत इथल्या आंबट-गोड फळांची चांगली लांबलचक यादी दिली आहे, आणि तिच्यात ‘नारंज’ वेगळं आणि ‘संगतरा’ वेगळं. वास्को द गामा कालिकतला उतरला १४९८ मध्ये. अवघ्या अठ्ठावीस-तीस वर्षांत एका पोर्तुगीज गावाचं नाव किनाऱ्यावरून आग्र्यापर्यंत जाऊन, फारसी कपडे घालून, ‘हिंदुस्थानचं फळ’ म्हणून बादशहाच्या पानात बसलं? उर्दूत अजूनही ‘संगतरा’ म्हणतात, मधला ‘ग’ शाबूत. नेपाळच्या डोंगरात तोच शब्द ‘सुन्तला’ होऊन बसला आहे. इतका आतवर मुरलेला शब्द जहाजातून कालपरवा उतरलेला वाटत नाही.

बाबराच्या त्या यादीत आणखी एक नाव आहे, ज्यानं मी उडालोच : जंबीरी. ही आपली जंबेरी, जाड खडबडीत सालीचं लिंबू! नर्सरीत आजही जंबेरीच्या रोपावर, म्हणजे खुंटावर, संत्र्याचा डोळा भरून कलम करतात. बाबांना सांगितलं तर ते शांतपणे म्हणाले, “मंग? बाबराच्या टायमालेही खुंट लागतच असन ना.”

संत्रा हे नाव अलीकडचं. त्याच्या आधीचं नाव नारंग, आणि जगभर भटकलं ते हेच. मूळ दक्षिणेतलं, द्राविडी, असं बहुतेक अभ्यासक मानतात. तमिळमध्ये ‘नारत्तै’ आहे, तेलुगूत ‘नारिंज’, मल्याळममध्ये ‘नारङ्ङ’. पण मल्याळी माणूस ‘नारङ्ङ’ म्हणाला तर त्याच्या डोळ्यासमोर बहुतेक वेळा लिंबू असतं. तिथून संस्कृतात नारंग, फारसीत नारंग, अरबीत नारंज. अरबांनी झाड स्पेनला नेलं, तिथं नारान्हा. इटलीत आधी ‘नारांचा’, मग आरंभीचा ‘न’ मागच्या शब्दात विरघळून ‘आरांचा’. फ्रेंचांनी ‘ओरांज’ केलं; त्यांच्या भाषेत ‘ओर’ म्हणजे सोनं, तेव्हा त्या रंगाच्या फळाला हे नाव शोभलंही. तेच इंग्रजीत ऑरेंज.

पोर्तुगीजांनी मात्र ‘न’चा ‘ल’ केला : लारांजा. हे वाचून मला आमचं घरच आठवलं. माझी बायको सांगलीकडची, ती ‘लिंबू’ म्हणते. माझी माय ‘निंबू’ म्हणते. संस्कृतातही निंबूकच. फारसी-अरबीत लीमू, लैमून. म्हणजे स्पेन आणि पोर्तुगालच्या सीमेवर जे नारंगाचं झालं, ते आमच्या स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर लिंबाचं रोज होतं.

संस्कृतात ‘नागरंग’ असंही रूप आहे, अमरकोशात ते ‘ऐरावत’ या नावाशेजारी येतं. आमच्या शेजारच्या काकांना हे कळलं आणि त्यांनी लगेच निकाल देऊन टाकला : नागरंग म्हणजे नागपूरचा रंग! काकांना कसं सांगावं? नागपूर वसवलं गोंड राजा बख्त बुलंदशहानं, अठराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला, आणि नाव पडलं नाग नदीवरून. अमरकोश त्याच्या कितीतरी शतकं आधीचा. आणि नागपूरला संत्रा आला तोच मुळी त्यानंतर. दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी औरंगाबादेकडून रोपं आणली असं सांगितलं जातं. काकांनी सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी पारावर ते तीच नागरंगाची गोष्ट आणखी दोघांना सांगत होते.

नारंग जे पश्चिमेला गेलं ते आंबट-कडू होतं, मुरांब्याच्या कामाचं. गोड फळ तिकडे गाजवलं ते पुढे पोर्तुगीजांनी, आणि इथून नावांची खरी मौज सुरू होते. अरबांनी या गोड फळाला नाव दिलं ‘बुर्तुकाल’, तुर्कांनी ‘पोर्ताकाल’, ग्रीकांनी ‘पोर्तोकाली’, इराण्यांनी ‘पोर्तेकाल’. सगळीकडे फळाचं नाव पोर्तुगाल, फक्त पोर्तुगालात नाही. डच लोक म्हणतात ‘सिनासआप्पेल’, म्हणजे चीनचं सफरचंद. (हॉकीत नारिंगी जर्सी घालणारे हेच ते. त्यांचा ‘ओरान्ये’ हा राजघराण्याचा शब्द फ्रान्समधल्या एका गावाच्या नावावरून आला, फळाशी त्याचा मुळात संबंध नव्हता. उच्चार जुळला आणि रंग मिळाला.) मोरोक्कोच्या टँजिअर बंदरातून गेलं ते टँजरिन. आणि आपण मराठी माणसांनी काय केलं? मोझांबिकवरून आलं म्हणून मोसंबी! जालन्याच्या शेतकऱ्याला हे सांगून पाहा, तो मानणार नाही.

किन्नूची तऱ्हा तर आणखी वेगळी. नाव ऐकून वाटतं अस्सल पंजाबी, पण ते फळ कॅलिफोर्नियात जुळवलं. किंग आणि विलोलीफ या दोन जातींचा संकर, म्हणून नावातही दोघांचे तुकडे. ट्रक भरभरून येतो आणि आमचा भाव पाडतो, एवढंच आम्हाला त्याचं माहीत.

कॅलिफोर्नियावरून आठवलं. वरूड-मोर्शीला ‘विदर्भाचा कॅलिफोर्निया’ म्हणतात, पुढारी तर भाषणाची सुरुवातच तिथून करतात. पण कॅलिफोर्नियाचं ऑरेंज आणि आमचा संत्रा ही एक फळंच नाहीत. एक संत्रा हातात घ्या. देठाकडून अंगठा घातला की साल सैल पिशवीसारखी निघून येते, आत हवा असते, आणि फाका आपोआप सुटतात. लहानपणी ती साल दुमडून एकमेकांच्या डोळ्यात रस उडवायचो आणि मार खायचो. आता मोसंबी घ्या. नख मोडेल, साल निघणार नाही, सुरी लागते. कॅलिफोर्नियाचं, ब्राझीलचं, डब्यातल्या रसाचं ऑरेंज हे त्या घट्ट सालीच्या मोसंबीच्या कुळातलं. आमचा संत्रा सैल सालीच्या कुळातला. तेव्हा पहिलीच्या पुस्तकात ‘ओ फॉर ऑरेंज’ आणि त्याखाली ‘संत्रे’ असं लिहितात, ते काटेकोरपणे पाहिलं तर चूक आहे. ऑरेंज म्हणजे मोसंबी म्हटलं तर जास्त जवळ जाईल. अर्धा मार्क कापायचाच असेल तर इथं कापा!

मग इंग्रजीत आमच्या संत्र्याच्या कुळाला काय म्हणतात? मँडरिन. आणि हा शब्द कुठला? संस्कृत ‘मंत्रिन्’. तो मलायात गेला आणि ‘मंतरी’ झाला. तिथून पोर्तुगीजांनी उचलून चीनच्या बड्या अधिकाऱ्यांना लावला. आणि त्या अधिकाऱ्यांच्या झग्याच्या रंगावरून म्हणा, चीनचं फळ म्हणून म्हणा, शेवटी फळाला चिकटला. म्हणजे आपण ज्याला संत्री म्हणतो त्याला इंग्रज मंत्री म्हणतात. ‘मंत्री-संत्री’ ही जोडी आपण नुसती यमकासाठी म्हणतो असं वाटायचं मला इतके दिवस.

नारंग शब्द इकडे मात्र फळावरून उतरून रंगात जाऊन बसला आहे. दुकानात नारिंगी रंगाचा डबा मिळतो, नारिंगी साडी मिळते. नारिंग हे फळ मागितलं तर आमच्या बाजारात कोणाला कळणार नाही. इंग्रजांचं उलट झालं. त्यांच्याकडे फळ आधी आलं आणि रंगाला ते नाव सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला लागलं. तोवर असा रंग दिसला की ते लाल-पिवळा म्हणून भागवत. आपल्याकडे केशरी, भगवा, शेंदरी असे शब्द घरचेच होते, आपलं काही अडलं नाही.

वचनाचा निकाल माझ्या परीनं लावला. मुलीला सांगितलं, पेपरात संत्रे-संत्री लिही, बागेत संत्रा-संत्रे म्हण. तिला पटलं, मार्क हवे आहेत तिला. बाबांना पटलं नाही.

परवा आंबिया बहाराच्या तोडीला ओट्यावर बसलो होतो. क्रेट भरणं चाललं होतं. पूर्वी यातला बराच माल बांगलादेशात जायचा, मग त्यांनी आयात शुल्क वाढवत नेलं आणि तो रस्ता अरुंद झाला. बंगालकडे आयुष्यभर फेऱ्या केलेला एक म्हातारा ड्रायव्हर सांगत होता की तिकडे ‘संतरा’ म्हटलं तर लोक नुसते पाहत राहतात, तिकडे याचं नाव ‘कोमला’. मी लगेच बाबांना समजावू लागलो, की कमला, कमलालेबू, सगळ्या बंगालात तेच म्हणतात, आणि गंमत म्हणजे आपण ज्या रंगपूर खुंटावर काही झाडं लावली ते रंगपूरही तिकडचंच गाव आहे.

बाबा क्रेटमधला एक संत्रा उचलून बोटांनी दाबून पाहत होते.

“कमला,” ते म्हणाले, “तुह्या आजीचं नाव व्हतं बे.”